आकाशातून पडलेला दगड: ठाणे-नवी मुंबईतून त्याचा माग कसा काढायचा

२ एप्रिल २०२२. संध्याकाळचे पावणेआठ वाजून गेले होते. नागपूरहून आतेभावाचा फोन आला, आवाजात नुसती धांदल. "ताई, केवढी मोठी उल्का गेली!" मी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. किती वेळ दिसली? "मिनिटभर तरी." एकच होती? "नाही गं, बरेच ठिपके, एकामागोमाग एक, सगळे एकाच दिशेनं." नंतर आवाज आला? "काहीच नाही." तेव्हाच त्याला म्हटलं, ही उल्का नव्हे. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं पडल्याची बातमी आली. एका चिनी रॉकेटचा अंतराळात उरलेला भाग वातावरणात परत येऊन जळला होता.

हे तीन प्रश्न ज्याला सुचतात त्याला पुढचं सगळं जमतं. अशनी शोधायचा म्हणजे पाठीवर पिशवी टाकून डोंगरात निघायचं, असं बहुतेकांना वाटतं. खरं काम त्याआधीच, गच्चीत उभं राहून, कागदावर आणि नकाशावर होतं. आपल्याकडे तर ते अधिकच खरं आहे, कारण आपण काळ्या दगडावर राहतो. पांढऱ्या वाळवंटात काळा दगड आपणहून डोळ्यांत भरतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी मात्र कुठे बघायचं ते आधी ठरलेलं नसेल, तर आयुष्यभर फिरूनही काही मिळायचं नाही.

शब्दांचा गोंधळ आधी मिटवू. अंतराळात फिरतो तो लघुग्रह, वातावरणात शिरून पेटतो तेव्हा दिसणारा प्रकाश म्हणजे उल्का, आणि जळून उरलेला जो तुकडा जमिनीवर पोचतो तो अशनी.

दगड खाली आला असेल का?

उपग्रह किंवा रॉकेटचे तुकडे सेकंदाला ७.८ किलोमीटरच्या आसपास वेगानं, जवळजवळ आडवे येतात. म्हणून ते मिनिटभर रेंगाळतात. सूर्याभोवती फिरणारा लघुग्रह किमान ११ किलोमीटर वेगानं शिरतो आणि काही सेकंदांत खेळ आटोपतो. उल्कावर्षावातल्या उल्का बहुतेक धूमकेतूंच्या धुळीच्या असतात. त्या पाहाव्यात आणि आनंद घ्यावा, दगडाची आशा धरू नये.

दगड पोचल्याची चांगली लक्षणं अशी: उल्का त्या मानानं संथ होती, तीन-चार सेकंदांहून जास्त दिसली, शेवटी तिचे तुकडे झाले, आणि ती क्षितिजाकडे खूप खाली येऊन विझली. सगळ्यांत मोलाचं लक्षण म्हणजे आवाज. प्रकाश विझताच घड्याळ लावा आणि गप्प उभे राहा. डोक्यावर ३० किलोमीटर उंचीवर तुकडे झाले असतील तर गडगडाट पोचायला दीड मिनिट लागतं, दूर असेल तर तीन-चार मिनिटं. लोक तोवर घरात जाऊन फोनवर बोलायला लागलेले असतात, त्यामुळे आवाज ऐकला तरी दोन्हींचा संबंध लावत नाहीत.

आगाऊ खबर मिळाली तर

वातावरणात शिरण्याआधीच दुर्बिणीनं हेरलेले लघुग्रह २०२४ अखेरपर्यंत अकरा झाले. पहिला २००८ टीसी३. अमेरिकेतल्या कॅटलिना सर्वेक्षणानं तो ऑक्टोबर २००८ मध्ये आदळण्याच्या सुमारे १९ तास आधी पाहिला. चारेक मीटरचा तो दगड सुदानच्या वाळवंटावर फुटला. पुढे उल्का-अभ्यासक पीटर येनिस्केन्स आणि खार्तूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद यांनी विद्यार्थ्यांना एका रांगेत चालवून तुकडे गोळा केले. अशनीचं नाव पडलं अल्महाता सित्ता, म्हणजे सहावं स्थानक. तिथल्या रेल्वेमार्गावरचा तो थांबा. लोकलच्या स्थानकांवरून पत्ते सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नाव लगेच आपलं वाटतं. त्यानंतर २०१८ मध्ये बोट्सवाना, फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्रान्सचा नॉर्मंडी आणि जानेवारी २०२४ मध्ये बर्लिनजवळचं रिबेक इथेही आधी हेरलेल्या लघुग्रहांचे दगड सापडले. शेवटचे दोन्ही हंगेरीच्या क्रिस्तियान शारनेत्स्की यांनी शोधले होते, आणि रिबेकच्या वेळी हाताशी तीन तासही नव्हते.

असं भाकीत नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची स्काउट यंत्रणा आणि युरोपीय अंतराळ संस्था जाहीर करतात. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. २१:०० लिहिलेलं असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट, अडीच वाजलेले. तारीख बदलते हे विसरलात तर रात्र हुकली.

दोन-तीन तास मिळाले तर सगळ्यांनी मिळून वांगणीला पळू नका. वांगणीचं आकाश काळं आहे आणि खगोल मंडळाचे रात्रीचे कार्यक्रम तिथे अनेकांनी अनुभवले आहेत, पण इथे अंधारापेक्षा अंतर महत्त्वाचं. एक जण ठाण्यात, एक पुण्यात, एक नाशकात असेल तर तीन कोनांतून रेषा मिळतात. ठाणे आणि वाशी एकमेकांना फार जवळ, दोन्हीकडच्या रेषा जवळजवळ एकच. म्हणून आत्ताच, काही घडण्याआधी, या शहरांतल्या नातेवाइकांचा एक गट तयार करून ठेवा. फोन तिवईवर ठेवा, चित्रफीत सुरू करा, आणि चौकटीत खाली एखादी इमारत किंवा टाकी नक्की येऊ द्या. नुसत्या आकाशाच्या चित्रफितीवरून दिशा काढणं अवघड जातं.

अचानक दिसली तर: पाय हलवू नका

आगाऊ खबर क्वचितच मिळते. बहुतेक वेळा तुम्ही कपडे वाळत घालायला गच्चीत गेलेले असता. अशा वेळी पहिलं काम म्हणजे पावलांभोवती खडूनं खूण करणं, खडू नसेल तर चपला तिथेच सोडणं. उल्का कुठे सुरू झाली आणि कुठे विझली ते समोरच्या इमारतींच्या आधारानं लक्षात ठेवा: "समोरच्या टॉवरच्या टाकीच्या उजव्या कोपऱ्यावर, दोन बोटं वर." हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते, त्यावर उंची मोजा. आणि कुणाशीही बोलण्याआधी लिहून काढा. दुसऱ्यानं "हिरवी होती ना?" असं विचारलं की आपल्या आठवणीतही हिरवा रंग शिरतो.

दिशा फोनच्या होकायंत्रावरून घेऊ नका. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्या त्याला भुलवतात. दुसऱ्या दिवशी उपग्रह-नकाशावर तुमची गच्ची आणि ती टाकी यांना जोडणारी रेषा काढा, तीच खरी दिशा. मग आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावरचा तेजस्वी उल्केचा अर्ज भरा. तो कुठल्याही देशातून भरता येतो, आणि अनेकांच्या नोंदी जुळल्या की संघटना मार्गाचा नकाशा काढते.

सोसायटीचे कॅमेरे

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण शहरात राहण्याचा हा एकमेव मोठा फायदा आहे. घोडबंदर रोडपासून पाम बीच रोडपर्यंत प्रत्येक गेटवर कॅमेरा आहे. त्यातलं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून पहिल्या दोन दिवसांत सेक्रेटरींना भेटा. मूळ फाइलच मागा. पडद्याचं मोबाइलवर केलेलं चित्रण किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली फीत मोजमापाच्या कामाची नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते त्याच वेळी तपासा: फोनवर अचूक वेळ लावून तो कॅमेऱ्यासमोर धरा, मग चित्रणातली वेळ आणि ही वेळ ताडून बघा. आमच्या ओळखीच्या एका इमारतीत हा फरक अकरा मिनिटांचा निघाला होता. आणि वॉचमनना हात जोडून सांगा, कॅमेरा काही दिवस हलवू नका. नंतरच्या रात्री त्याच चौकटीतून चंद्र किंवा गुरू जाताना टिपला की कुठला बिंदू आकाशात किती उंचीवर, हे पक्कं होतं.

"आमच्या कॅमेऱ्यात आकाश येतच नाही" हे उत्तर हमखास मिळेल. तरी चित्रण मागा. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर लघुग्रह फुटला तेव्हा चौकातल्या दिव्याच्या खांबांच्या सावल्या जमिनीवरून सरकताना एका कॅमेऱ्यानं टिपल्या होत्या. कोलंबियातल्या दोन संशोधकांनी त्या सावल्यांवरून त्या दगडाची कक्षा काढली. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाचीही सावली तितकीच कामाची आहे. खांबाची उंची आणि सावलीची लांबी मोजा, प्रकाश किती अंशांवर होता ते मिळतं.

कायमचा कॅमेरा लावायची हौस असेल तर ग्लोबल मीटिअर नेटवर्ककडे, म्हणजे उल्का टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या जगभरच्या जाळ्याकडे वळा. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि सोनीच्या संवेदकाचा साधा सुरक्षा-कॅमेरा एवढ्यावर ते चालतं. ठाण्याच्या उजळलेल्या आकाशात बारीक उल्का हरवतील, पण दगड टाकणारी उल्का लख्ख दिसते.

विझली कुठे, पडली कुठे

उल्का क्षितिजाजवळ विझली की प्रत्येकाला ती शेजारीच पडल्यासारखी वाटते. ठाणेकर म्हणतो येऊरच्या मागे, ऐरोलीकर म्हणतो खाडीत. हा भास आहे. दगड टाकणारी उल्का साधारण २० ते ३० किलोमीटर उंचीवर विझते. समजा, ती तुम्हाला ईशान्येला २० अंशांवर विझताना दिसली. उंची २५ किलोमीटर धरली तर ती तुमच्यापासून जवळपास ७० किलोमीटरवर होती. म्हणजे येऊर कुठलं, थेट कसारा! दिशा मोजण्यात एक अंशाची चूक झाली तर तिथे सव्वा किलोमीटरचा फरक पडतो, उंचीचा कोन मोजण्यात झाली तर त्याहूनही जास्त. म्हणूनच ती टाकी, तो कोपरा, ती खडूची खूण.

दुसऱ्या शहरातली रेषा नकाशावर काढा. दोन रेषा जिथे छेदतात, त्या बिंदूच्या वर उल्का विझली. दोन्हीकडच्या कोनांवरून निघणारी उंची जुळते का पाहा. फार फरक असेल तर कुणीतरी वेगळा बिंदू सांगतो आहे.

विझल्यावर दगडाचा काळोखातला प्रवास सुरू होतो. अंतराळातला वेग संपलेला असतो, दगड नुसता खाली पडत असतो आणि वारा त्याला ढकलत असतो. मी काढलेला ढोबळ हिशेब असा: २० किलोमीटरवरून एक किलोचा दगड तीन मिनिटांत जमिनीवर येतो, १० ग्रॅमचा खडा साडेसहा मिनिटं घेतो. वरचा सरासरी वारा सेकंदाला १५ मीटर असेल तर मोठा दगड पावणेतीन किलोमीटर सरकेल आणि खडा सहा किलोमीटर. म्हणून दगडांचा सडा एका जागी पडत नाही, लांबट पट्ट्यात पसरतो. उल्केच्या दिशेनं पुढच्या टोकाला मोठे दगड, मागे बारीक, आणि बारीक असतील तेवढे वाऱ्याच्या बाजूला जास्त वाहवलेले.

वाऱ्याची माहिती घरबसल्या मिळते. हवामान विभाग सांताक्रूझहून फुगे सोडतो. त्यांची उंचीवार नोंद वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहता येते. आपल्याला पहाटेच्या आणि संध्याकाळच्या साडेपाचची नोंद लागते, उल्केच्या वेळेला जवळची ती घ्या. हिवाळ्यात उंचावरचा वारा पश्चिमेकडून येतो, खडे मुरबाड-माळशेजकडे सरकतात. पावसाळ्यात १५ किलोमीटरच्या आसपास पूर्वेकडून जोरदार झोत असतो आणि खाली नैर्ऋत्येचा वारा, त्यामुळे हिशेब थरांप्रमाणेच करावा लागतो. पडणारे दगड हवामानाच्या डॉप्लर रडारवर दिसल्याचीही उदाहरणं अमेरिकेत पुष्कळ आहेत. मुंबईत कुलाबा आणि वेरावली इथे रडार आहेत, म्हणून उल्केनंतरच्या दहा मिनिटांची चित्रं तेव्हाच साठवून ठेवा.

कुठे शोधायचं, कुठे जायचं नाही

पट्टा नकाशावर आला की त्यातल्या मोकळ्या, सपाट, फिक्या जागा रंगवा. कापणीनंतरची भातखाचरं उत्तम, दिवाळीनंतर ती उघडी पडतात. क्रिकेटची मैदानं, मिठागरांचे वाफे, इमारतींच्या गच्च्या, कारखान्यांचे पत्रे आणि त्यांची पन्हाळं हेही बघा. पट्टा तळोजा किंवा वागळे इस्टेटवर पडत असेल तर पत्र्याला पडलेलं नवं भोक दगडापेक्षा आधी सापडेल. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरातच्या दियोदर भागात अशनी पडला तेव्हा एक तुकडा घराच्या ओसरीवर आपटून फरशी फुटली होती. जमिनीत मोठा खड्डा मात्र शोधू नका. किलोभर दगडही ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं पडतो, मऊ मातीत वीतभर खळगा करतो, संपलं.

खारफुटीत शिरू नका. ती संरक्षित आहे, आणि खाडीच्या चिखलात गेलेला दगड तुम्हाला मिळणारही नाही. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही, आणि बिबट्याच्या जंगलात मान खाली घालून चालणं शहाणपणाचंही नाही. शेत, मिठागर, गच्ची, प्रत्येकाच्या मालकाला आधी विचारायचं.

आणि माणसांशी बोला. शेतकरी, मिठागरावरचे कामगार, पहाटे झाडणारे सफाई कर्मचारी, वॉचमन यांना त्यांच्या जागेवरचा प्रत्येक दगड ठाऊक असतो. "उल्का पाहिली का?" असं विचारू नका. "काका, त्या रात्री पत्र्यावर काही आपटलं का? सकाळी अनोळखी दगड दिसला का?" असं विचारा.

शोधताना आठ-दहा जण एका रांगेत, दोघांत दोन मीटर अंतर. प्रत्येकानं फक्त आपल्या पुढची पट्टी बघायची, फोनवर चाललेल्या वाटेची नोंद सुरू ठेवायची. आम्ही दरवर्षी डिसेंबरात एका मैदानावर काळे रंगवलेले वीस खडे टाकून सराव करतो. पहिल्या वर्षी निम्मेही सापडले नाहीत. चूक एकच होती, आम्ही भरभर चालत होतो आणि गप्पा मारत होतो. उन्हाळ्यात सकाळी सात ते दहा एवढंच करा, तिरप्या उन्हात दगडाची सावली पडते आणि डोकंही ठिकाणावर राहतं.

काळ्या दगडांतला परका दगड

नुकत्याच पडलेल्या साध्या अशनीवर अर्धा-एक मिलिमीटर जाडीची काळी, मंद चमकेची जळकी साल असते. कोपरे गोलसर, पृष्ठभागावर कधी ओल्या मातीत बोटं दाबल्यासारखे खळगे. एखादा कोपरा उडालेला असेल तर आत राखाडी रंग आणि धातूचे चमकते कण दिसतात. आकाराच्या मानानं तो जड लागतो.

आपला बेसाल्ट तुटल्यावर आतूनही काळसरच असतो. त्याला साल नसते, वरचा तपकिरी थर म्हणजे ऊन-पावसानं बदललेला दगड. बेसाल्टमध्ये बुडबुड्यांची भोकं किंवा त्यांत भरलेले पांढरे खनिजांचे ठिपके सर्रास असतात, अशनीत अशी भोकं जवळजवळ कधीच नसतात. दुसरा फसवा म्हणजे भट्टीतली मळी, धातू गाळताना उरलेला कचरा: काळी, काचेसारखी, जड, पण सच्छिद्र आणि वाहून गोठल्यासारखी. तळोज्याच्या बाजूला रस्त्याच्या भरावातही ती मिळते. लोक मला दाखवायला आणतात त्यात निम्म्याहून अधिक हीच असते.

चुंबक लावू नका. हे मी अगदी कळकळीनं सांगते. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असल्यानं आपल्याकडे ती परीक्षा काहीच सिद्ध करत नाही, आणि दगड खरा असेल तर त्यात साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी खूण असू शकते ती एका क्षणात पुसली जाते.

एक अपवाद ध्यानात असू द्या. दियोदर आणि रिबेक हे दोन्ही ऑब्राइट जातीचे, लोखंड अगदी कमी. त्यांच्यावर नेहमीची काळी साल नसते, आतून ते फिके. रिबेकला शोधकांनी सुरुवातीचे काही दिवस काळे दगड शोधण्यात घालवले. म्हणून रांगेतल्या प्रत्येकाला "काळा दगड शोध" असं सांगू नका, "इथला नसलेला दगड शोध" असं सांगा.

सापडला तर

हात लावण्याआधी जागेवरच फोटो, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं, मग आजूबाजूचा फोटो, फोनवरचे अक्षांश-रेखांश. उचलायला ॲल्युमिनियमची फॉइल किंवा स्वच्छ पिशवी. धुवायचा नाही, फोडायचा नाही, घासायचा नाही. बंद पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. आपल्या दमट हवेत त्यातलं लोखंड काही दिवसांतच गंजायला लागतं, पावसात पडला असेल तर त्याहून लवकर.

घाई दुसऱ्या कारणासाठीही आहे. अंतराळातल्या किरणांमुळे दगडात काही किरणोत्सारी अणू तयार झालेले असतात. सोडियम-२४ पंधरा तासांत निम्मं होतं, मँगनीज-५२ साडेपाच दिवसांत. ते मोजता आले तर दगड अंतराळात केवढा होता हे कळतं. त्यामुळे त्याच दिवशी तहसीलदार किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला पत्र पाठवा. देशातल्या अशनींचं जतन हीच संस्था करते. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला दगड पडले तेव्हा तिच्याच लोकांनी ते गोळा केले होते. त्या दगडांत पुढे ब्रिजमनाइट हे खनिज सापडलं, जे पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असतं आणि जे हाताळायला मिळणं जवळजवळ अशक्य. कुणी तो दगड शोभेसाठी कपाटात ठेवला असता तर हे कधी कळलंच नसतं.

पत्रात जागेचा पत्ता लिहिताना नुसतं "ठाणे" लिहू नका. अशनीला नाव मिळतं ते जवळच्या ठिकाणाचं, आणि ते जगभर कायम राहतं. तेव्हा पाडा, वाडी, गाव, तालुका असं सगळं, तिथले लोक म्हणतात त्याच उच्चारानं लिहा.